कूलर लावला की वास

भुसावळच्या त्या घरातून पहिला फोन आला तो होळीनंतर दहा-बारा दिवसांनी. आमच्याकडे तोवर कूलर माळ्यावरून उतरलेले असतात. गवत बदलायचं, पंप चालतो का बघायचा, खिडकीत बसवायचा, की जूनपर्यंत घरघर चालू. काकू म्हणाल्या, "भाऊ, तुम्ही गालिचे धुता ना? मांजराने घाण केलीय. थंडीत काही जाणवलं नाही, पण आता पुढच्या खोलीत बसवत नाही."

मी जळगावात सोफे, गाद्या आणि गालिचे धुण्याचं काम करतो. खानदेशात गालिच्याचं काम तसं थोडंच; घरोघरी सतरंज्या आणि चटया. दहा सोफ्यांमागे एखादा गालिचा आला तर आला. ही केस लिहून ठेवतोय, कारण तिच्यातली सगळ्यात मोठी चूक मांजराची नव्हती आणि काकूंचीही नव्हती. ती माझी होती.

घर जुनं. पुढची खोली मोठी, खाली शहाबादी फरशी, भिंतीला दिवाण, खिडकीत लोखंडी कूलर आणि मधोमध पाच बाय आठ फुटांचा गडद लाल लोकरीचा गालिचा, कडेने सायीच्या रंगाची वेल. काका रेल्वेतून गार्ड म्हणून निवृत्त झालेले. काशीला गेले होते तेव्हा भदोहीचा म्हणून तो आणलेला. घरात काका-काकू आणि काकांची आई. आजी पारोळ्याकडच्या, अजून ठसक्यात अहिराणी बोलतात. आणि लाल्या. चार वर्षांचा तांबूस बोका, नसबंदी झालेला.

दिवाळीला मुलगा-सून-नातवंडं आली, तेव्हा लाल्याचा वाळूचा टब पुढच्या खोलीच्या कोपऱ्यातून उचलून मागच्या व्हरांड्यात वॉशिंग मशीनशेजारी गेला. पाहुणे परतले, टब तिथेच राहिला. आठवड्याभरात गालिच्यावर लघवीचा पहिला डाग. ही माहिती मला पहिल्याच दिवशी मिळाली होती. मी ती ऐकली आणि सोडून दिली.

काकूंनी तोवर बरंच करून पाहिलं होतं. आधी ओल्या फडक्याने घासलं. मग कपडे धुण्याची पावडर. मग फिनाईल. मग आजींच्या सांगण्यावरून पापडखार, कारण उडदाच्या पापडांसाठी आणलेला डबा हाताशीच होता. सगळ्यावर कडी म्हणजे ब्लिचिंग पावडर टाकायला निघाल्या होत्या. काकांनी रंग जाईल म्हणून अडवलं. रंग तर गेलाच असता, लोकरही जळाली असती. पण खरा धोका वेगळाच. लघवी कुजली की तिच्यात अमोनिया तयार होतो, आणि ब्लीच त्याला भेटलं की क्लोरामाइन नावाचे वायू सुटतात. डोळे चुरचुरतात, घसा धरतो, बंद खोलीत श्वासाची पंचाईत होते. मांजराच्या किंवा कुत्र्याच्या लघवीवर ब्लीच नको, हे मी हल्ली फोनवरच सांगून टाकतो. फिनाईलही मांजराच्या घरात बेतानेच. फिनॉलच्या जातीची द्रव्यं पचवून बाहेर टाकायची ताकद मांजराच्या यकृतात फारच कमी असते, आणि मांजर जिथे बसतं तिथलं सगळं पंजावाटे चाटून पोटात घेतं.

पापडखाराचं मात्र मला हसू आलं. तेव्हा आलं. नंतर कळलं की आजींनी डबाभर जे केलं, तेच मी मशीनने करणार होतो.

पहिली फेरी थोडक्यात सांगतो, कारण तिच्यात अभिमानाने सांगण्यासारखं काही नाही. मी विचारलं, "डाग कुठाय?" काकूंनी दाखवला, दिवाणाच्या पायाजवळ, तळहाताएवढा. आणखी दोन फिकट. मी गालिचा उचलून नेला, नेहमीचा शॅम्पू मारला, गरम पाण्याच्या मशीनने ओढून घेतला, आणि एप्रिलच्या उन्हात गच्चीवर टाकला. तीन तासांत खडखडीत. संध्याकाळी घरपोच. बाराशे रुपये घेतले.

तिसऱ्या दिवशी फोन. "भाऊ, डाग मोठा झालाय. आणि वास तर विचारूच नका."

गेलो. तळहाताचा डाग आता बशीएवढा, कडेला चहाच्या कपाची उमटते तशी तपकिरी कड. वेलीच्या सायीच्या रंगात गुलाबी झाक उतरलेली. कूलर चालू होता आणि खोलीत शिरल्याबरोबर नाकात तिखट कळ गेली. मी खाली बसून डाग हुंगत होतो तेव्हा आजी दिवाणावरून म्हणाल्या, "कूलर लावा का वास येस, बंद कया का जास."

मी कूलर बंद करायला सांगितला, दारं उघडली. अर्ध्या तासात वास खरोखर निम्म्यावर आला. बाहेर कोरडी झळ होती, तिने खोली वाळवली.

इथे माझ्या डोक्यात पहिल्यांदा प्रकाश पडला, तोही युरियाच्या गोणीमुळे. शेतकऱ्याच्या घरात वाढलेल्या कोणालाही ठाऊक असतं, की युरियाची गोणी उघडी राहिली तर पावसाळ्यात तिचे गोळे होतात, हात लावला की ओलसर लागते. युरिया हवेतलं पाणी ओढतो. लघवीत पाण्याखालोखाल जास्त काय असेल तर तो युरियाच, सोबत क्षार. गालिचा वाळला की हे सगळं लोकरीच्या बुडाशी वाळून बसतं. आमची मार्च-एप्रिलची कोरडी हवा त्याला मुकं ठेवते. वाळ्याच्या नाहीतर गवताच्या कूलरने खोलीत ओलावा भरला की ते पाणी ओढून घेतं. जिवाणू पुन्हा कामाला लागतात, युरियाचा अमोनिया करतात, आणि वास सुटतो. त्यात लोकर स्वतःच पाण्याची हावरी. हाताला ओली न लागता वजनाच्या जवळपास तीस टक्क्यांपर्यंत ओलावा धरून ठेवते.

मांजराच्या बाबतीत आणखी एक भानगड आहे. मोबाईलवर शोधलं की जो तो युरिक अॅसिडच्या स्फटिकांना दोष देतो. माझ्या मते ते अर्धवट ज्ञान आहे. माणसात युरिक अॅसिड उरतं. मांजर आणि बहुतेक कुत्री त्याचं अॅलन्टोइन नावाचं द्रव्य करून टाकतात, ते पाण्यात बऱ्यापैकी विरघळतं. (डाल्मेशियन कुत्रा अपवाद.) मांजराच्या लघवीचा तो ओळखू येणारा वास फेलिनिन नावाच्या गंधकवाल्या अमिनो आम्लातून येतो. ताजं असताना त्याला फारसा वास नसतो, दिवसागणिक ते फुटतं आणि गंधकाचे उग्र वास सोडत राहतं. नसबंदी न झालेल्या बोक्यात ते सगळ्यात जास्त. लाल्याची नसबंदी झालेली होती म्हणून एवढ्यावर निभावलं.

मग मी ते केलं जे पहिल्या दिवशी करायला हवं होतं. गालिचा उलटा केला.

हा गालिचा गाठी मारून विणलेला नव्हता, टफ्टेड होता. ओळखायला सोपं आहे. गाठीच्या गालिच्याची नक्षी पाठीवरही दिसते. टफ्टेडच्या पाठीवर कापड चिकटवलेलं असतं. ताणलेल्या कापडातून बंदुकीसारख्या अवजाराने लोकर घुसवतात, मागून लेटेक्सचा, म्हणजे रबरी गोंदाचा थर देतात आणि त्यावर सुती कापड लावतात. समोर बशी, आणि पाठीवर जेवणाचं ताट. चांगलं मोठं, कानाकोपऱ्यात पिवळं-तपकिरी, कडा कडक. लघवी वरून छोटी दिसते आणि खाली जाताना पसरते. लोकरीतून उतरते, लेटेक्सला अडते, आडवी धावते, शिवणीतून खाली फरशीवर. मी त्या ताटावर बोट दाबलं तर आतून कुरकुर आवाज आला आणि कापडाच्या कडेतून मैद्यासारखी पांढरी पूड गळली. लेटेक्स मेलेलं. काही लघवीने, काही माझ्या गरम पाण्याने आणि गच्चीवरच्या उन्हाने.

डाग मोठा का झाला, हेही आता उलगडलं. मी वरून धुतलं, खालचं सगळं भिजवलं, पण बाहेर काढलं नाही. मग उन्हात चेहरा वर करून टाकलं. वाळताना पाणी जिथून उडतं तिकडे धावतं, सोबत विरघळलेली घाण घेऊन. कंदिलाची वात तेल ओढते तसं. बुडाची सगळी लघवी मीच टोकांवर आणून ठेवली. आणि शॅम्पू अल्कधर्मी, म्हणजे आम्लाच्या उलट गुणाचा होता, म्हणून लाल रंग सुटून वेलीत उतरला. पापडखारही अल्कधर्मीच. आजीला हसलो होतो.

रात्री दिवे घालवून निळ्या-जांभळ्या प्रकाशाची टॉर्च मारली. तीच, नोटा तपासायला दुकानात ठेवतात ती. लघवीचे जुने डाग तिच्यात पिवळट-हिरवट चमकतात. पण समोरचा सगळा गालिचाच चांदण्यासारखा निळा उजळला, कारण कपड्याच्या पावडरीतला पांढरेपणा आणणारा पदार्थ टॉर्चखाली लघवीपेक्षा जास्त चमकतो. पाठीवर पावडर पोचली नव्हती, तिथे खरा नकाशा दिसला. तीन नव्हे, सात जागा. मी प्रत्येकीभोवती सुईदोऱ्याने पांढरा टाका घातला. खडूची रेघ पाण्यात जाते.

टाके घालत असताना लाल्या मोरीत गेला. बसला, कण्हल्यासारखा आवाज केला, उठला. दोन मिनिटांनी परत. पाच-सात मिनिटांत तीनदा. मी टॉर्च घेऊन गेलो. मोरीच्या पांढऱ्या फरशीवर चार थेंब होते, आणि एकाला गुलाबी छटा.

सात जागा आणि सगळ्या थोड्या-थोड्या. खोडी काढायला, सूड घ्यायला मांजर हे करत नाही, लोक कितीही म्हणोत. हद्द आखणारा बोका उभ्याने, शेपटी थरथरवत, भिंतीवर नाहीतर कूलरच्या अंगावर फवारा मारतो. खाली बसून, अनेक ठिकाणी, चमचा-चमचा, आणि तेही गार गुळगुळीत मोरीत नाहीतर मऊ गालिच्यावर, म्हणजे मूत्राशय दुखतंय. मी काकांना म्हटलं, "काका, गालिचा राहू द्या, उद्या सकाळी याला डॉक्टरांकडे न्या. आणि रात्रीत नुसता जोर करतोय, थेंबही येत नाही असं दिसलं तर सकाळची वाट बघू नका." बोक्याचा मूत्रमार्ग अरुंद असतो, तो पूर्ण तुंबला तर एक-दोन दिवसांत जीव जाऊ शकतो.

जनावरांच्या डॉक्टरांनी लघवी तपासली: मूत्राशयाला सूज, बारीक खडे म्हणजे स्ट्रुव्हाइटचे स्फटिक, सुदैवाने मार्ग मोकळा. औषध, आहार बदलला, कोरड्या दाण्यांऐवजी ओलं खाणं, पाणी जास्त पोटात जाईल अशी व्यवस्था. आमच्या उन्हाळ्यात माणसंच पाणी कमी पडून मुतखड्याने लोळतात, कोरडे दाणे खाणारं मांजर कुठे जाईल! डॉक्टरांनी टबाबद्दलही विचारलं. मशीन फिरायला लागलं की व्हरांड्यात धडधड; तिथे दुखणारं मांजर कशाला बसेल? टब जुन्या कोपऱ्यात परत आला आणि दुसरा वेगळ्या खोलीत ठेवला. मांजरं जितकी, त्याहून एक टब जास्त, हा हिशेब. मातीच्या दोन पसरट भांड्यांत पाणी, एक दिवाणाखाली, एक स्वयंपाकघरात.

हे सगळं होईपर्यंत मी गालिच्याला हात लावला नाही. दहा दिवस गालिचा माझ्या शेडमध्ये गुंडाळून पडला होता. जनावर बरं होण्याआधी डाग काढणं म्हणजे नळ चालू ठेवून मोरी पुसणं.

दुसऱ्या फेरीला दोन-तीन दिवस लागले. पाठीवरचं कापड सातही जागी उसवलं, मेलेलं लेटेक्स बोथट सुरीने खरवडून काढलं. मग पाठीकडून, साधं गार पाणी. साबण नाही, काही नाही. पाइप हळू सोडायचा आणि समोरून ओढणाऱ्या मशीनने पाणी खेचायचं. पहिल्या बादलीतलं पाणी कोऱ्या चहासारखं आलं आणि वासाने मीच मागे सरलो. पाचव्या बादलीला नितळ झालं. हा भाग लोक उडवतात आणि थेट एन्झाइमच्या, म्हणजे घाण फोडणाऱ्या द्रावणाच्या, महागड्या बाटलीकडे जातात. क्षार कुठलंही एन्झाइम खात नाही, क्षार पाण्यानेच वाहून जातात.

मग पांढरं व्हिनेगर आणि पाणी निम्मं-निम्मं. जुन्या लघवीची जागा अल्कधर्मी झालेली असते. आम्ल की अल्क हे तपासायच्या माझ्या कागदी पट्टीवर ती हिरवी-निळी आली होती. व्हिनेगरने तो अल्कधर्मीपणा उतरला, आणि लोकरीचा सुटलेला लाल रंगही सौम्य आम्लात थांबला. यात खायचा सोडा ओतून फेस काढायची पद्धत आहे. फेस बघायला छान वाटतो, पण दोघं एकमेकांना मारून टाकतात आणि उरतं खारट पाणी. सोडा वापरायचाच तर एकटा, कोरडा, वरवरचा वास ओढायला.

पुन्हा पाणी, आणि मग एन्झाइमचं द्रावण. त्यातले जिवाणू आणि एन्झाइम उरलेली सेंद्रिय घाण खातात, पण त्यांना ओल लागते आणि वेळ लागतो. बाटलीवर पंधरा मिनिटं लिहिलेलं असतं. जुन्या डागाला मी रात्र देतो. त्रेचाळीस-चव्वेचाळीस अंशांच्या एप्रिलमध्ये अडचण अशी की फवारलेलं तासाभरात वाळतं, आणि वाळलं की काम बंद. म्हणून शेडमध्ये सावलीत, वरून केळीच्या घडाला चढवतात त्या प्लॅस्टिकच्या पिशव्या फाडून पांघरल्या. द्रावण जितक्या खोल लघवी गेली तितक्या खोल जायला हवं, वरून फवारा मारून भागत नाही. आधी फिनाईल नाहीतर जंतुनाशक टाकलेलं असेल तर ते पूर्ण धुऊन काढल्याशिवाय एन्झाइम ओतणं म्हणजे पैसे गटारात. गरम पाण्यानेही ती मरतात.

सकाळी शेवटचं धुऊन वाळवणं. या वेळी ऊन नाही. शेडमध्ये, पंख्याखाली, आणि समोरच्या बाजूवर आजींची दोन जुनी सुती लुगडी दाबून पसरली, वर फळ्या. वर येणारं जे काही असेल ते लुगड्यावर येऊ दे. संध्याकाळी लुगड्यावर चार फिकट पिवळी वर्तुळं उमटली होती. लुगडी पालटली. दुसऱ्या दिवशी कोरी निघाली. मग नवं लेटेक्स, नवं कापड, शिवण.

इकडे फरशी. शहाबादी दगड चुनखडीचा, म्हणजे व्हिनेगर वर्ज्य. आम्लाने तो चरतो, पांढरे खरबरीत डाग पडतात. कोटा आणि संगमरवराचंही तेच. काका व्हिनेगरची बाटली घेऊन उभेच होते, त्यांच्या हातातून घेतली. दगड सच्छिद्र, सांध्यांत लघवी मुरलेली. तिथे साधं पाणी, पुसणं, मग एन्झाइम आणि ओलं फडकं झाकून एक रात्र, असं दोनदा. फरशी राहिली असती तर गालिच्याची मेहनत पाण्यात होती.

तपासणी नाकाने नाही केली. दोन दिवस त्याच कामात बसलेल्याचं नाक मेलेलं असतं. गालिचा अंथरला, खिडक्या-दारं लावली, कूलर रात्रभर चालू ठेवायला सांगितला. सकाळी आजींनी निकाल द्यायचा. दोन रात्री. वास नाही.

डाग पूर्ण गेला का? नाही. दिवाणाजवळच्या जागी लाल रंग थोडा विटकरी झालाय. लघवीने लोकरीचा रंगच बदलला असेल तर तो धुऊन परत येत नाही, हे मी आता आधीच सांगतो. गालिचा फिरवून ती बाजू दिवाणाखाली घातली. वेलीतली गुलाबी झाक बरीचशी उतरली. पहिले बाराशे मी परत दिले. दुसऱ्या फेरीचे काकांनी मोजून हातात ठेवले.

ज्यांच्या घरी हे आत्ता, या क्षणाला घडलंय, त्यांना एवढंच: घासू नका. जुना टॉवेल घडी करून ठेवा आणि त्यावर उभे राहा. उचला, कोरडी बाजू, पुन्हा उभे राहा. मग वाटीभर गार पाणी, पुन्हा टॉवेल. पहिल्या दहा मिनिटांत टॉवेल जेवढं पितो, तेवढं माझं मशीनही नंतर ओढत नाही.

जुलैत, पाऊस लागल्यावर, काकूंचा फोन आला. "भाऊ, वास आला परत." पोटात गोळा आला. गाडी काढून गेलो. गालिचा उलटला, पाठ कोरडी. फरशी हुंगली, काही नाही. लाल्या टबात जाऊन येऊन पंजे चाटत बसलेला. मग खिडकीत गेलो आणि कूलरची जाळी काढली. टाकीत महिन्याभराचं पाणी साचलेलं आणि गवत काळं पडून कुजलेलं. मूठभर काढून काकूंच्या नाकाशी नेलं.

निघताना आजींनी उडदाच्या पापडांची चवड पिशवीत घातली. म्हणाल्या, "पापडखार आते पापडमाच टाकस मी."